देणगीची किंमत

देणगी देणे हे सत्कृत्य होय, असे आपण मानतो. परंतु जी देणगी इतरांचा निर्णय विकत घेते, तिला देणगी म्हणावे काय?

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका रद्द केल्या. तेथे पदांचा लिलाव झाला होता. उमराण्यात बोली दोन कोटींच्या वर गेल्याचे व ती रक्कम मंदिराच्या कामी लागणार असल्याचे वृत्त होते. पैसा सत्कार्यासच जाणार होता, मग बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडले ते हे की, ज्या मजुराचे मत धनिकाच्या मताइतकेच मोलाचे होते, त्याला विचारण्याचे कारणच उरले नाही. १९९३ साली अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने गावास दिलेला अधिकार एका बोलीत संपला. मंदिराच्या जागी चर्च असते, तरी न्याय हाच.

निवडणुकीस खर्च येतो, हे खरे. परंतु अनेकांनी उघडपणे दिलेले थोडे थोडे पैसे उमेदवाराला गावाशी बांधतात. एकाने गुपचूप दिलेली मोठी रक्कम त्याला त्या एकाशीच बांधते. उद्या रस्त्याचे कंत्राट देताना तो कोणाचे ऐकेल? देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविणारी निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली, ती मतदाराचा माहितीचा हक्क मानूनच.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मधील शिमोन आठवा. त्याने पैसे पुढे केले. त्या पैशांतून कित्येक गरिबांचे पोट भरले असते. तरीही पेत्राने ते नाकारले, कारण जे देवाने दिले ते विक्रीस नसते. माणसाची सदसद्विवेकबुद्धीही देवानेच दिलेली आहे, आणि मत हा तिचाच उच्चार होय.

म्हणून, वाचकहो, निवडणुकीच्या तोंडावर कोणी आपल्या चर्चच्या छपरासाठी पत्रे घेऊन आला, तर आपण काय करणार? गळके छप्पर आणखी एक पावसाळा सोसता येईल. परंतु एकदा विकलेल्या मंडळीला गावातील अन्यायाविरुद्ध तोंड उघडता येणार नाही.