पूजेआधी नळी रिकामी

खंडेनवमीला शस्त्र पाटावर मांडले, गंध-फूल वाहिले, ओवाळले, की शस्त्रपूजा झाली असे आपण धरून चालतो. धार आणि देवासच्या पवारांच्या मुलखात मराठी घराणी अठराव्या शतकात स्थिरावली, बदनावर तर धार संस्थानचाच परगणा होता. तिथल्या जुन्या वाड्यांत दसऱ्याच्या सुमारास तलवारी, भाले, कट्यारी बाहेर निघतात आणि एखाद्या घरी त्यांच्याबरोबर ठासणीची बंदूक किंवा टोपीचे जुने रिव्हॉल्व्हरही निघते. तलवारीपुरता पूजेचा हा अर्थ चालून जातो. बंदुकीच्या बाबतीत तो चालत नाही. नळी रिकामी आहे की नाही हे न पाहता आणि ती साफ न करता केलेली बंदुकीची पूजा ही पूजाच नव्हे, असे माझे म्हणणे आहे. साफसफाई ही पूजेची पूर्वतयारी नाही, पूजेचा गाभा तीच आहे. गंध-फूल त्यानंतरचे.

या म्हणण्याला पहिला आधार खुद्द काळ्या दारूच्या स्वभावाचा. शंभर भागांत साधारण पंचाहत्तर सोरा, पंधरा कोळसा आणि दहा गंधक अशी ही दारू. ती पेटते, पण पुरती उडून जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपात उरतो. त्यातला काही पांढऱ्या धुरातून बाहेर पडतो आणि बाकीचा नळीत काजळीसारखा बसतो. हे पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि दमट हवेत एका रात्रीत लोखंडावर तांब धरते. बार पेटवणाऱ्या जुन्या टोप्यांमधल्या क्लोरेटमुळे मिठासारखा आणखी एक क्षार मागे राहतो, तो टोपी बसवण्याच्या पोकळ खुंटीला आणि तिच्या आसपासच्या लोखंडाला खातो. वरून नुसते तेल चोपडून भागत नाही, कारण तेलाखाली क्षार तसाच राहतो. आधी कढत पाणी लागते. गजाला चिंधी गुंडाळून ती वरखाली करायची, पाणी काळ्याचे राखाडी आणि राखाडीचे स्वच्छ होईपर्यंत. मग कोरड्या चिंध्या, मग नळी कोमट असतानाच तेलाचा पातळ हात. पूजेत आपण नेमके याच्या उलट करतो. ओले गंध, हळदकुंकू, पाण्याचे शिंतोडे, झेंडूची दमट माळ, हे सगळे लोखंडावर रात्रभर राहते आणि हळदीची बारीक पूड बंदुकीच्या कानात, म्हणजे ठिणगी नळीत शिरते त्या छिद्रात, जाऊन बसते. ज्याला देव मानले त्यालाच आपण भक्तीने गंजवतो. दसरा पावसाळ्याच्या शेवटी येतो हेही विसरू नये. चार महिन्यांच्या ओलीनंतर आणि स्वारीवर निघण्याआधी हत्यारे पुसून, घासून, तपासून घेणे ही त्या काळच्या फौजेची गरज होती. सणाची वेळ या गरजेशी इतकी जुळते की मला तो योगायोग वाटत नाही.

दुसरा आधार कथेचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. दसऱ्याला आपण शमीची आठवण काढतो ती पांडवांनी अज्ञातवासापूर्वी तिच्यावर शस्त्रे ठेवली म्हणून. विराटपर्वातला तो प्रसंग नीट वाचला तर पांडवांनी काय केले याचा तपशील चकित करतो. त्यांनी आधी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरवल्या. मग नकुल झाडावर चढला आणि जिथे फांदी मोडणार नाही आणि पावसाचे पाणी लागणार नाही अशा जागा निवडून त्याने शस्त्रे घट्ट बांधली. कोणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे एक प्रेत टांगले. आधी ताण काढून टाकणे, मग ओलीपासून जपणे आणि अनोळखी हात दूर ठेवणे, या तीन कामांत शस्त्राबद्दलचा सगळा धर्म येऊन जातो. शिवाय वर्षाअखेरीस अर्जुनाला तेच गांडीव झाडावरून उतरवले त्याच दिवशी रणात वापरता आले. ज्या कथेवर आपला सण उभा आहे तिच्यात शस्त्राची काळजी इतक्या बारकाईने सांगितली आहे आणि आपण मात्र तिच्यातली फक्त पाने लुटतो. प्रत्यंचा उतरवणे म्हणजे आजच्या भाषेत नळी रिकामी करणे.

नळी रिकामी असेलच, असे समजण्याइतकी धोक्याची समजूत दुसरी नाही. कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. 1780 मध्ये बुडालेल्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरची तोफ न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात अनेक दशके होती. 2013 मध्ये तिची सफाई करताना आत गोळा आणि दारू दोन्ही सापडले. ठासणीच्या बंदुकीत मागून उघडून पाहण्याची सोय नसते, म्हणून परीक्षा गजाने करायची. टोपी काढलेली असावी, नळीचे तोंड माणसांपासून आणि आपल्या स्वतःपासूनही दूर असावे. गज आत सोडून तो तोंडाशी जिथे येतो तिथे खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून खूण तोंडाशी धरायची आणि त्याचे दुसरे टोक कानापर्यंत पोचते का ते पाहायचे. बोट-दोन बोटे कमी पडले तर आत बार आहे असे समजून पुढे हात लावू नये, लायसन्सधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवावे. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हेच पाच-सहा कप्प्यांना वेगवेगळे लागू होते. शिवाय तिथे एका कप्प्याची ठिणगी शेजारच्या कप्प्यात शिरून एकदम दोन-तीन बार उडण्याची भीती असते, म्हणून गोळीवर चरबी किंवा मेण भरण्याची रीत पडली.

यावर एक आक्षेप असा की हे सारे कारागिराचे काम, त्यात धर्म कशाला आणायचा? पूजा भावाची असते. या मुलखाचा इतिहासच याला उत्तर देतो. 1857 ची ठिणगी पडली ती एन्फील्डच्या ठासणीच्या रायफलीच्या काडतुसांवरून, म्हणजे काडतुसाला लावलेल्या वंगणावरून. ते वंगण गाईच्या आणि डुकराच्या चरबीचे आहे या समजाने शिपायांच्या श्रद्धेला हात घातला. त्या वर्षी 1 जुलैला महू आणि इंदूर पेटले, ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने धारच्या किल्ल्याला वेढा घातला. बंदुकीला काय लावायचे हा प्रश्न धर्माच्या बाहेरचा आहे, असे या इतिहासानंतर कोणी म्हणू शकत नाही. आणि भावाचे म्हणाल, तर ज्या वस्तूच्या पोटात काय आहे हे पूजकाला ठाऊक नाही, तिच्यासमोर लेकराबाळांना बसवून आरती करणे यात भाव असेलही, जबाबदारी नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. बंदूक जपणे म्हणजेच हिंसा जपणे, मग ती स्वच्छ असो की गंजलेली. बदनावरच्या संदर्भात हा आक्षेप टाळून चालणार नाही. जिनसेनाचार्यांनी शके 705 मध्ये, म्हणजे इसवी सन 783 मध्ये, हरिवंशपुराण ज्या वर्धमानपुरात पूर्ण केले ते बदनावरच असे काही अभ्यासक मानतात, काही ते सौराष्ट्रातले वढवाण मानतात. स्थळाचा वाद बाजूला ठेवला तरी माळव्यातली जैन परंपरा जुनी आहे आणि तिने श्रावकाला हिंसेची साधने दुसऱ्याला देण्याचीही मनाई केली आहे. तिचा मी आदर करतो, आणि घरात बंदूक सांभाळायला कोणीच तयार नसेल तर ती कायदेशीर मार्गाने सोडून द्यावी, हेही मला मान्य आहे. पण त्याच परंपरेत उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, बोट ठेवले आहे. त्या व्याख्येने पाहिले तर भिंतीवर टांगलेली, आत बार असल्याचा पत्ता नसलेली बंदूक कपाटात बंद असलेल्या स्वच्छ, रिकाम्या बंदुकीपेक्षा जास्त हिंसक ठरते. गज आत घालणारा माणूस तेवढ्यापुरता तरी अहिंसेचे काम करत असतो.

मग ती चालवावी का? काही जण म्हणतील की कान कायमचा बुजवून टाका, प्रश्नच मिटेल. जिथे लक्ष द्यायला कोणी नाही तिथे तेही योग्यच आहे, मात्र नळी रिकामी असल्याची खात्री झाल्यावर आणि जाणत्याच्या हातून. 1959 चा शस्त्र कायदा सूट देतो ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या कालबाह्य हत्याराला. चालू शकणाऱ्या बंदुकीला लायसन्स लागते, ती पणजोबांची असली तरी. कोडगूत कोडव लोकांना लायसन्समधून सूट आहे. ते कैलपोळद या सणाला बंदुका फुलांनी सजवून पूजतात आणि पुढे नारळावर नेम धरतात. तिथे पूजा आणि वापर एकत्र नांदतात, पण त्या बंदुका रोजच्या ओळखीच्या असतात. आपल्याकडे वर्षात एकदा काढलेल्या बंदुकीचा अंगणात बार काढण्याची हौस त्या परंपरेशी जोडता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर समारंभात इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार करण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. बार काढायचा तर परवाना हातात घेऊन रीतसर नेमबाजीच्या जागी काढावा, आणि त्याच संध्याकाळी कढत पाण्याचे भांडे चुलीवर ठेवावे.

म्हणून ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांना एवढीच विनंती. यंदा नवमीच्या चार दिवस आधी लायसन्सची मुदत पाहा आणि नळी जाणत्याकडून तपासून, धुऊन, तेल लावून घ्या. गंध-कुंकू पाटाला लावा, लोखंडाला नको. फुले शेजारी ठेवा, आणि आरती झाल्यावर कोरड्या फडक्याने बंदूक पुसून कुलपात ठेवा.