डोक्यावरचं कापड आणि फाटकावरचा शिपाई

मुसलमान बाईने डोक्यावर हिजाब घ्यावा की नाही, अंगावर बुरखा घालावा की नाही, हे कोण ठरवणार? शाळा, कॉलेज, कचेरी, रस्ता, बस, अशा सार्वजनिक जागी तो सरकारने काढायला लावावा काय?

आपल्यातली बरीच पोरं या सवालावर गप्प बसतात. काही म्हणतात, तो त्यांच्या धर्माचा मामला, आपल्याला काय? काही म्हणतात, बुरखा ही गुलामी, बंदी आली तर बरंच झालं. ही दोन्ही उत्तरं आळशी आहेत. कपड्यावरून माणसाची पायरी ठरवायचा धंदा या देशात सगळ्यात जास्त चालला तो आपल्यावर. तेव्हा यावर बोलायचा पहिला हक्क आपला, आणि पहिली जबाबदारीही आपलीच.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने काय नेसावं ते लिहून ठेवलंय. मढ्यावरचं कापड नेसावं. दागिने लोखंडाचे घालावे. फुटक्या भांड्यात जेवावं. हा कायदा थंडीवाऱ्यासाठी नव्हता आणि लाज झाकण्यासाठीही नव्हता. लांबून बघणाऱ्याला कळावं, याला कुठं अडवायचं, यासाठी होता. कपडा म्हणजे हुकूम होता. अंगावर घालायचा हुकूम.

आता खाली त्रावणकोरला चला. तिथं नाडार बायांना छाती झाकायला मनाई होती. त्यांनी झाकली तर भर बाजारात अंगावरचं कापड फाडलं गेलं. दंगली पेटल्या. शेवटी १८५९ साली राजाने जाहीरनामा काढून झाकायची मुभा दिली, पण अट घातली की वरच्या जातीच्या बाया झाकतात त्या तऱ्हेने झाकायचं नाही. म्हणजे तिथं झाकणं हेच बंड होतं आणि उघडं ठेवायला लावणं ही गुलामी. म्हणून सांगतो, झाकलं की गुलामी आणि उघडलं की मुक्ती, इतकं सोपं गणित कपड्याचं नसतं. कापड तेच असतं. त्यावर हात कुणाचा पडला ते बघावं लागतं.

इथं कुणीतरी बाबासाहेबांचं नाव काढेल. काढावंच. पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी पडद्यावर कडक टीका केली आहे. बाई कोंडली जाते, तिच्या शरीराची आणि मनाची हानी होते, असं त्यांनी काही आडपडदा न ठेवता लिहिलं. ते आपण लपवायचं नाही. मुसलमान मित्रांना बरं वाटावं म्हणून बुरख्याला क्रांतीचा झेंडा म्हणायचंही नाही. पण बाबासाहेबांची टीका हातात घेऊन जे बंदी मागतात त्यांनी महाडला यावं. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. गुडघ्यावरचं लुगडं, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंतचे कथलाचे दागिने, या सगळ्या तुमच्या अस्पृश्यतेच्या खुणा आहेत, त्या टाका, असं त्यांनी सांगितलं. आणि बायांनी तिथल्या तिथं नेसायची तऱ्हा बदलली.

नीट बघा, तिथं काय झालं. बाबासाहेब बायांशी बोलले. बायांनी ऐकलं, ठरवलं, केलं. समजा, त्याऐवजी मामलेदाराने फतवा काढला असता की जिच्या गळ्यात गळसरी दिसेल तिच्या पोरीला शाळेत घेणार नाही. ती सुधारणा झाली असती काय? तो नवा जाच झाला असता. गळसरी तीच, पण एक वाट बाईच्या डोक्यातून जाते आणि दुसरी तिच्या मानगुटीवरून.

दुसरा दाखला हमीद दलवाईंचा. १८ एप्रिल १९६६ ला सात मुसलमान बायांना घेऊन त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. फक्त सात. त्या बायांनी कायदा मागितला होता, नाही असं नाही. पण कुणाविरुद्ध? तोंडी तलाक देऊन बाईला रस्त्यावर काढणाऱ्या नवऱ्याविरुद्ध. त्यांनी मागितलेला कायदा जुलूम करणाऱ्याचा हात धरणारा होता. बंदीचा कायदा मात्र जुलूम जिच्यावर होतो असं तो म्हणतो, तिचाच हात धरतो. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता उडुपी. २०२१ च्या अखेरीस तिथल्या सरकारी कॉलेजात हिजाब घालणाऱ्या मुलींना वर्गात बसू देईनात. मग दुसरी पोरं भगवी उपरणी घालून आली. कुंदापूरला तर मुलींच्या तोंडावर फाटक लावलं गेलं. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला तिथल्या हायकोर्टाने तो उचलून धरला. कित्येक मुलींच्या परीक्षा बुडाल्या. १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्ता बंदीच्या बाजूने. न्या. सुधांशु धुलिया विरोधात; त्यांच्या मनात सगळ्यात वर होतं ते मुलीचं शिक्षण. तिचं जगणं आपण सुधारतोय की अवघड करतोय, हा त्यांचा सवाल होता. निकाल लागला नाही, प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे द्या असं ठरलं.

त्याच फेब्रुवारीत चिक्कमगळूरला कॉलेजातली पोरं गळ्यात निळी उपरणी घालून, जय भीम म्हणत त्या मुलींच्या बाजूने उभी राहिली. त्यांनी हिजाब पवित्र आहे असं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की ही मुलगी वर्गात बसेल.

बंदीवाल्यांचं पहिलं म्हणणं : हिजाब ती आपल्या मनाने घालत नाही, बाप आणि भाऊ घालायला लावतात. बरं, धरून चाला की हे खरं आहे. मग शिक्षा कुणाला झाली? बाप कामावर गेला. भाऊ नाक्यावर उभा. वर्गाबाहेर उभी राहिली ती पोरगी. आणि फाटक बंद झाल्यावर ती जाणार कुठं? त्याच घरात. जिथून तिला सोडवायचं म्हणता, तिथंच तिला परत धाडता. आणि ती खरंच मनाने घालत असेल, तर मग तुम्हाला बोलायला जागाच उरत नाही. दोन्हीकडून बंदी खोटी पडते. पोरीला स्वतःच्या डोक्याने ठरवता यावं असं वाटत असेल तर तिला शिकू द्या. शिकलेली पोरगी उद्या ओढणी ठेवेल नाहीतर टाकेल. जे करेल ते तिचं असेल.

दुसरं म्हणणं : गणवेश म्हणजे समानता. हे ऐकायला गोड लागतं. पण गिरणीत राबणाऱ्या माणसाला नियमांची पारख असते. चालत्या मशीनजवळ सैल कपडा चालत नाही. धोतर नाही, पदर नाही, ओढणी नाही, गळ्यातला गमछासुद्धा नाही. पट्ट्यात कापड अडकलं की हात जातो. हा नियम मी मानतो, कारण मशीन कुणाचा धर्म विचारत नाही. नियमाचं कारण मशीन आहे.

दुसरा नियमही गिरणीतलाच. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्याला घेत नसत. पगार जास्त तिथंच. कारण काय सांगायचे? धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, बाट लागेल. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल उभा केला. तिथं नाव धाग्याचं होतं, आणि कारण माणूस होता.

तर प्रत्येक नियमाला हाच सवाल करा : तुझं कारण मशीन की माणूस? उडुपीच्या मुली म्हणत होत्या, गणवेशाच्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेऊ द्या. त्याने कुठलं मशीन अडत होतं? २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजचा ड्रेसकोड सुप्रीम कोर्टात गेला. टिळा लावून येणाऱ्यालाही अडवाल काय, नावावरून धर्म कळत नाही काय, असं कोर्टाने विचारलं, आणि ९ ऑगस्टला हिजाब, टोपी, बिल्ल्यावरच्या बंदीला स्थगिती दिली. वर्गात बुरखा नको, एवढं मात्र राहू दिलं. नावाचं आपल्याला कुणी सांगायला नको. हजेरीत आडनाव वाचलं की मास्तरचा आवाज बदलतो, हे आपण सारे जाणतो. गणवेशाखाली जात झाकली गेली असती तर आपल्या पोरांचं कितीतरी दुःख वाचलं असतं.

मशीनची कारणं मी नाकारत नाही. परीक्षेत, बँकेत, मतदानाला ओळख पटवावी लागते. तिथं बाई कर्मचारी आडोशाला चेहरा बघेल, काम झालं. मतदान केंद्रावर तशी सोय आपल्या देशात आहेच. त्यासाठी रस्त्यावर बंदी कशाला? फ्रान्सने २०१० मध्ये रस्त्यावर चेहरा झाकायला बंदी करणारा कायदा केला, दंड १५० युरोपर्यंत. २०२० मध्ये करोना आला आणि त्याच सरकारने तोंड झाकलं नाही म्हणून दंड लावला. मास्कने देश बुडाला नाही. म्हणजे चेहरा दिसणं हा मुद्दा नव्हताच, कुणाचा चेहरा हा होता.

आणि ज्यांना वाटतं की मी मौलवींचं वकीलपत्र घेतलंय, त्यांच्यासाठी इराण. १९३६ साली रझा शाहने चादरीवर बंदी आणली. पोलिसांनी रस्त्यात बायांच्या डोक्यावरून चादरी ओढल्या. कित्येक बायांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९ ला क्रांती झाली आणि मग त्याच रस्त्यावर उलटा कायदा आला : डोकं झाकलं नाही तर फटके. सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षांची महसा अमिनी हिजाब नीट नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना मेली. बायांनी भर चौकात ओढण्या जाळल्या. राजा गेला, मौलवी आला, शिपाई तोच राहिला. उडुपीची पोरगी ओढणी राहू द्या म्हणते, तेहरानची काढू द्या म्हणते. मला दोघींचं म्हणणं एकच ऐकू येतं : माझ्या डोक्यावरून तुमचा हात काढा.

म्हणून आपली बाजू अर्धी असून चालणार नाही. कॉलेजच्या फाटकावर ओढणीसाठी पोरगी अडवली तर आपण तिच्या बाजूला. आणि उद्या मोहल्ल्यात एखादीने ओढणी टाकली म्हणून तिला कुणी छळलं, तर तिथंही आपण तिच्याच बाजूला. तेव्हा तो त्यांच्या घरचा मामला म्हणून मान फिरवायची नाही. त्या आपल्यासाठी कधी आल्या, असा हिशेबही मांडायचा नाही. माणुसकी उधारीच्या वहीत लिहीत नाहीत. आणि हो, आपल्या वस्तीत सून सासऱ्यासमोर अजून डोक्यावर पदर ओढते. तिथं कुणी बंदी मागत नाही. तिच्याशी बोलायला कुणी बसतही नाही. ते काम आपलं.

मित्रांनो, सावित्रीबाई शाळेत निघाल्या तेव्हा वाटेवर उभं राहून शेण मारणारेही धर्माचं आणि शिस्तीचंच नाव घेत होते. पोरगी दप्तर घेऊन फाटकापर्यंत आली, तर तिच्या डोक्यावर काय आहे ते आधी बघू नका. दप्तर बघा. आणि फाटक उघडेपर्यंत तिच्याबरोबर तिथं उभे राहा.

जय भीम.