बळदातली गोष्ट

‘मूळ गाव कोणतं तुमचं?’ हा प्रश्न आम्हांला आमच्याच गावात विचारला जातो. लातूरच्या बाजारात, नांदेडच्या एस.टी. स्टँडवर, व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी. विचारणारा वाईट नसतो. आम्ही गावाचं नाव सांगतो, तालुका सांगतो. तो मान हलवतो आणि पुन्हा विचारतो, ‘ते झालं, पण मूळचे?’ आमच्या पणजोबांची कबर त्याच तालुक्यात आहे, हे मग चहाच्या कपाबरोबर गिळावं लागतं. नंतर येते ती शाबासकी, ‘मराठी फार छान बोलता हो तुम्ही!’

ज्याने गाव सोडलं नाही त्याला स्थलांतरित म्हणता येईल का? आम्ही म्हणू, येईल. माणूस जागचा हलला नाही तरी त्याच्या पायाखालची सरहद हलते. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, १९४८ नंतर भारताच्या हैदराबाद राज्यात आले, १९५६ला मुंबई राज्यात गेले आणि १९६०ला महाराष्ट्रात पोहोचले. घर एकच, ओसरी तीच. बदलली ती कचेरीची भाषा. ज्या उर्दूत त्यांनी शिक्षण घेतलं, जमिनीची कागदपत्रं केली, ती त्यांच्या नातवाला वाचता येईना. पुढे २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं हुडकावी लागली. आमच्या घरातल्या पेटीतले कागद एकाएकी महत्त्वाचे झाले म्हणून आम्ही हसलो. पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

अशा अवस्थेत आम्ही हैती नावाच्या दूरच्या देशातल्या लेखकांकडे वळलो. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा तुकडा म्हणजे हैती. पूर्वेकडचा मोठा भाग डोमिनिकन रिपब्लिकचा. हैतीचे गरीब लोक पिढ्यान्पिढ्या त्या शेजारच्या देशात ऊस तोडायला जातात आणि मळ्यालगतच्या वस्त्यांत राहतात. हे वाचताना आम्हांला कंधार, मुखेड, जळकोटकडच्या टोळ्या दिसू लागल्या. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, पाचटाच्या कोप्या आणि बैलगाडीत झोपलेलं पोर. ऊस सगळीकडे गोडच असतो, तोडणाराच तेवढा परका असतो.

१९३७च्या ऑक्टोबरात हुकूमशहा त्रुहियोच्या आज्ञेने सीमेवरच्या हजारो हैतियन माणसांना मारण्यात आलं. सांगतात की संशयिताला एका भाजीची जुडी दाखवून तिचं नाव उच्चारायला लावत. त्या स्पॅनिश शब्दातला ‘र’ हैतियन जिभेला नीट वळत नसे. ज्याचा ‘र’ चुकला तो मेला. एडविज दान्तिका या लेखिकेने १९९८ साली या हत्याकांडावर कादंबरी लिहिली. ती वाचताना आमची जीभ नकळत टाळूकडे गेली. आमचा असा शब्द ‘शाळा’. वर्गात आम्ही ‘शाला’ म्हणायचो आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हसू पसरायचं. आमच्या ‘ळ’साठी कोणी सुरा काढला नाही, हे खरं. म्हणून दोन्ही गोष्टी एका मापाने मोजण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण उच्चारावरून माणूस ओळखून काढायची हौस कुठल्या वाटेने जाते, ते त्या बेटावर दिसतं. २०१३ साली तिथल्या घटनापीठाने निकाल दिला आणि १९२९ नंतर कागदपत्रं नसलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्यांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. ती माणसं तिथेच जन्मली होती. त्यांनाही कोणी विचारलं असेल, ‘मूळचे कुठले?’

खरं तर ज्या दखनीमुळे आमचा ‘ळ’ चुकतो ती मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. आमचं ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आलं, ‘मैंच’मधला ‘च’ मराठीचा. उलट वाटेने हक्क, वकील, कागद, जमीन हे मराठीत येऊन बसले आणि त्यांना कोणी मूळ गाव विचारत नाही.

इथवर लिहिणं सोपं होतं. आपल्यावर झालेला अन्याय सांगताना लेखणी आपोआप धावते. अडते ती पुढे.

दान्तिका बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईवडिलांकडे गेली आणि इंग्रजीत लिहू लागली. १९९४च्या पहिल्याच कादंबरीत तिने हैतियन घरांत मुलींच्या कौमार्याची होणारी तपासणी लिहिली. तिच्याच समाजातल्या बायका चिडल्या. परक्यांपुढे आमची अब्रू का काढतेस, आता सगळे आम्हांला तसंच समजतील, असं त्यांचं म्हणणं. ही तक्रार आम्हांला नवी नव्हती. हमीद दलवाईंनी मुस्लिम बायकांच्या तलाकचा प्रश्न मराठीत मांडला, १९६६ साली सात बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, तेव्हा याच चालीवरची वाक्यं ऐकू आली होती. १९९०ला सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. आमच्या लातूरचे फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. तेव्हापासून आमच्यापैकी अनेकांनी आपलं जगणं मराठीत मांडलं. तरी प्रत्येक मांडणीच्या वेळी खांद्यावरून कोणीतरी डोकावतो आणि म्हणतो, ‘हे वाचून ते काय म्हणतील?’

तक्रार करणाऱ्यांना मूर्ख ठरवायला आम्ही तयार नाही. घराला वेढा पडलेला असताना आतली भांडणं गच्चीवर जाऊन ओरडू नयेत, यात शहाणपण आहे. मात्र हा वेढा पिढ्यान्पिढ्या उठत नसेल, तर घरातल्यांनी कधी बोलायचं?

दान्तिकाचंच २००४चं एक पुस्तक आहे. त्याचं नाव हैतीतल्या बोलीवरून घेतलेलं, अर्थ साधारण असा, पहाटे दव तुडवत येणारा. दुवालिए बापलेकांच्या राजवटीत लोकांना उचलून नेणारे, छळणारे हस्तक, त्यांना उद्देशून हा शब्द. पुस्तकातला बाप न्यूयॉर्कमध्ये गरीब न्हावी आहे, गालावर व्रण आहे. मुलगी शिल्पकार. बाप तुरुंगात छळला गेला असं समजून ती त्याची कैद्याच्या रूपातली लाकडी मूर्ती घडवते. बाप ती मूर्ती तळ्यात फेकतो आणि मुलीला सांगतो, मी सावज नव्हतो, मी शिकारी होतो. हे पान वाचून आम्ही पुस्तक मिटलं आणि बरेच दिवस उघडलं नाही.

कारण आमच्या नानीची गोष्ट. १९४८च्या सप्टेंबरात ती बारा वर्षांची होती. फौजा आल्या, निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतरच्या दिवसांत जे घडलं ते सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, ज्यात लातूर होतं, आणि नांदेड, बिदर, गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. संपूर्ण संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. तो अहवाल कित्येक दशकं कपाटात पडून राहिला. नानीला शेजारच्या पाटलिणीने बळदात लपवलं. वरून ज्वारी ओतली, श्वासापुरती फट ठेवली. तीन दिवस.

ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली होती आणि लिहायचं ठरवलं होतं. लेख मनात तयार होता. अत्याचार, शेजारधर्म, ज्वारीचा वास. मग एका दुपारी नानी सहज बोलून गेली की तिचा थोरला भाऊ, आमचे मामू-नाना, रझाकारांत होता. कासीम रझवी लातुरातच वकिली करत असे, त्याच्या भाषणांनी पोरं पेटली होती. मामू-नाना ज्या गावावर चालून गेले होते, तिथेच पाटलिणीचं माहेर होतं. तिचा भाऊ त्यात गेला होता आणि हे तिला बळदाचं झाकण लावताना ठाऊक होतं.

आम्ही वही काढली तेव्हा नानी म्हणाली, ‘कायकू लिखता रे? सोए सो लोगां कू सोने दे.’

ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. तिचं मौन आम्हांला बांधतं का? दुःख जिचं, गोष्ट तिची, असं एक मन म्हणतं. पण मौन नानीच्या दुःखावर पांघरूण घालत होतं, तसंच मामू-नानांच्या हातांवरही. आणि पाटलिणीचा भाऊ नानीच्या मालकीचा नव्हता. त्याच्याबद्दल गप्प राहायची परवानगी नानी आम्हांला देऊ शकत नाही. ज्वारीखालचे तीन दिवस लिहायचे आणि त्या आधीची ती स्वारी गाळायची, तर आम्ही ती लाकडी मूर्तीच घडवत बसू. उलट नुसती स्वारी लिहिली तर सुंदरलाल समितीचा अहवाल पुन्हा कपाटात ठेवल्यासारखं होईल. दोन्ही लिहिलं की दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्धा कापून नेणार, हेही दिसतंच आहे. त्या कापाकापीचा दोष लिहिणाऱ्याकडे येतो का, याचं उत्तर आम्ही स्वतःला ‘थोडासा येतो’ असं देतो आणि तरी लिहायला बसतो.

पाटलिणीच्या नातवाला आम्ही कच्चा मसुदा वाचून दाखवला. आमच्याआधी त्याच्या घराची परवानगी हवी होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आजी ज्वारीचं सांगायची. भावाचं कधी नाही.’ त्याने एकच दुरुस्ती सुचवली. नानी आयुष्यभर ‘बलद’ म्हणायची, आम्ही तिच्या तोंडी तसंच ठेवलं होतं. तो म्हणाला, ‘बळद लिहा, नाहीतर लोक हसतील तिला.’ आम्हांला ते पटलं, आणि पटलंही नाही. मसुद्यात सध्या दोन्ही शब्द आहेत, एक खोडलेला आणि त्याच्यावर दुसरा.