स्टोव्ह पेटला की गाडी थांबते

मालट्रकच्या ड्रायव्हरला थांबायला कारण लागतं. ‘झोप येतेय’ हे मालकाला पटत नाही, ‘पाठ धरलीय’ हे ट्रान्सपोर्टवाल्याला पटत नाही. पण ‘स्वयंपाक चाललाय, जेवलो की निघतो’ म्हटलं की फोनवरचा आवाज खाली येतो. भुकेल्या माणसाला ताटावरून उठवू नये, एवढी रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. हिंगोली-वसमतची हळद सांगलीला पोचवायची आणि मिळेल ते भाडं भरून परतायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. गाडीतच स्वयंपाक का करता, असं कुणी विचारलं की ‘पैसे वाचतात’ हे उत्तर तयार असायचं. ते खरंच होतं. पण वाचणाऱ्या पैशांपेक्षा मोठं काहीतरी त्या तासाभरात मिळत होतं.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. अकोल्याहून नांदेडकडे जाणारा रस्ता हिंगोली, कळमनुरी ओलांडत वारंगाफाट्याला येतो, तिथे त्याला नागपूर-तुळजापूर रस्ता मिळतो. उन्हाळा लागता लागता या भागात हळद निघते, शिजते, उन्हात वाळते, ढोलात घासून पॉलिश होते आणि पोत्यांच्या थप्प्या बाजारात लागतात. मग लिलाव, माप, हमाली, बिल्टी. प्रत्येक टप्प्याला गाडी उभी. भरायला नंबर, उतरवायलाही नंबर. बाहेरच्या माणसाला वाटतं, ड्रायव्हर दिवसभर बसूनच असतो. पण नंबरात उभा असलेला माणूस थांबलेला नसतो, अडकलेला असतो. डोळा लागला की पुढची गाडी सरकते आणि मागची मधे घुसते. स्टोव्ह पेटवून बसलेला माणूस मात्र खरोखर थांबलेला असतो. डाळ शिजेपर्यंत त्याला कुठेही जायचं नसतं.

हा संसार लहान असतो. बॉडीखालच्या लोखंडी पेटीत स्टोव्ह, जर्मनचं पातेलं, तवा, परात, दोन ताटल्या. पूर्वी रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता, त्याची पिन खिशात जपून ठेवावी लागे. नंतर पाच किलोची लहान टाकी आली, बर्नर तिच्याच डोक्यावर. बाहेर कॅनव्हासची छागल लटकायची. कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्यावर वाळायचं आणि आतलं गार व्हायचं. पाठीमागे दहा टन हळद असली तरी वरणात पडणारी चिमूटभर हळद घरून आणलेल्या डब्यातली. माल दुसऱ्याचा, त्याला हात लावायचा नाही. हा नियम कागदावर नव्हता, पण तो मोडणाऱ्याला भाडं मिळणं कठीण होई.

मराठवाड्यातल्या बायकांनी बाहेरगावी जाणाऱ्या माणसाच्या भुकेचा विचार पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. धान्य-डाळी भाजून मसाल्यासह दळलेलं येसर पिशवीत असलं की फोडणीच्या उकळत्या पाण्यात ते कालवायचं, आमटी तयार. धपाटे दोन दिवस टिकतात, शेंगदाण्याची चटणी त्याहून जास्त. बेसन तर बघता बघता होतं. ज्वारीची भाकर मात्र उघड्यावर जमत नाही. वाऱ्यानं पीठ सुकतं, कडा चिरतात, आच तव्याच्या मध्यावरच लागते. म्हणून भाकर घरची, रस्त्यावर चपाती नाहीतर भात. डाळीचं सगळं पाण्यावर असतं. खोल बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं, त्यानं डाळीचा दाणा घट्टच राहतो, कितीही उकळली तरी फुटत नाही. कुठल्या गावच्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजते, हे ड्रायव्हर एकमेकांना आवर्जून सांगत आणि तिथे छागल, कॅन, कळशी, जे असेल ते भरून घेत.

क्लीनर म्हणून आलेल्या पोराच्या हातात आधी परात येते, स्टिअरिंग फार उशिरा. ‘उस्ताद, मीठ बघा,’ म्हणत तो पातेलं पुढे करतो तेव्हा तो नुसता स्वयंपाक शिकत नसतो. पाणी पुरवून वापरणं, सामान जागच्या जागी ठेवणं, निघण्याआधी आग विझल्याची खात्री करणं, हे सगळं पुढे गाडी सांभाळायला उपयोगी पडतं. गावात ज्यांच्या पंगती वेगळ्या बसत आल्या, अशी दोन माणसं इथे एका पातेल्यातून जेवतात आणि त्याचा गाजावाजा होत नाही. एक गोष्ट मात्र मला सलत राहिली. रस्त्यावर कणीक मळणारे आम्ही पुरुष घरी पोचलो की पाण्याचा तांब्याही हातात मागायचो. हात तेच, पीठ तेच. जो रस्त्यावर चपाती लाटतो त्याने घरीही लाटली, तर त्या घरातल्या बाईच्या वाट्यालाही तासभर थांबणं येईल. तिलाही ते कुणी आपणहून देत नाही.

स्टोव्ह केबिनमध्ये पेटवू नये, हे नव्या पोरांना मी नेहमी सांगत आलो. पावसात मोह होतो. पण बंद काचांच्या आत जळणाऱ्या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगीत जातो तो उठतच नाही. आणि गाडीत कापूस भरलेला असेल तर चूल गाडीपासून लांब, वारा गाडीकडून चुलीकडे वाहत असेल अशा अंगालाच हवी.

विश्रांतीचा नियम आपल्याकडे नव्हता असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. एका-दोन गाड्यांचा मालक त्याच्या बाहेरच राहिला, आणि आमच्या भागातल्या कितीतरी गाड्या अशाच मालकांच्या. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आमच्या गाडीत असं यंत्र नव्हतं. भूक होती आणि शिजायला वेळ घेणारी डाळ होती. कायद्याने द्यायचा तो अर्धा तास आम्हाला स्टोव्हने दिला.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत याची किंमत सगळ्यांना कळली. धान्य, भाजी, औषधं पोचवणाऱ्या गाड्या रस्त्यावर होत्या आणि ढाबे बंद. तोवर ढाबे ठायी ठायी झाल्याने अनेकांनी स्टोव्ह घरी माळ्यावर टाकला होता. ज्यांच्या पेटीत तो होता ते स्वतः जेवले आणि शेजारच्या गाडीवाल्यालाही जेवू घातलं. काही गावांनी रस्त्यावर अन्न आणून दिलं, ते उपकार विसरता येणार नाहीत. १५ एप्रिलच्या केंद्राच्या नियमावलीत महामार्गावरच्या ढाब्यांना २० तारखेपासून सशर्त मुभा मिळाली. ट्रक चालू ठेवायला डिझेलइतकंच अन्नही लागतं, हे त्या दिवसांत सरकारी कागदावर आलं.

आता रस्ते रुंद झाले. रुंदीकरणात कडेची झाडं गेली. वेगाच्या रस्त्यावर कडेला गाडी लावणं धोक्याचं आहे, आणि लावूही नये. उभ्या ट्रकवर मागून आदळून माणसं मरतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झालं, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण गार केबिनमध्ये माणूस जास्त वेळ तग धरतो, म्हणून त्याच्याकडून जास्त वेळ गाडी हाकून घेतली जाईल, अशी भीतीही वाटते. गारवा म्हणजे विश्रांती नव्हे.

म्हणून मागणं साधं आहे. प्रत्येक बाजार समितीच्या आवारात आणि महामार्गालगतच्या ट्रकतळावर पत्र्याची शेड असावी, वारा अडेल एवढी भिंत, सिमेंटचा ओटा, डाळ शिजेल अशा पाण्याचा नळ आणि संडास. तिथे उभ्या असलेल्या गाडीचा नंबर जेवण होईपर्यंत कुणी घेऊ नये. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं नाव दूरवर जाईल. ती वाहून नेणाऱ्याला एवढी सोय करून देणं आपल्या आवाक्यात आहे, आणि ते फक्त त्याच्या भल्याचंही नाही. तासभर थांबून गरम जेवलेला माणूस पुढचा रस्ता शुद्धीवर राहून चालवतो. त्याच रस्त्यावर समोरून आपली लेकरं दुचाकीवर येत असतात.