दोन चुंबकांमधली जागा

पट्टीचुंबकाच्या बलरेषांची आकृती शाळेत प्रत्येकाने काढलेली असते. उत्तर ध्रुवातून निघून दक्षिण ध्रुवाकडे वळणाऱ्या कमानी, त्यांवर बाण, खाली नावं; गुण पक्के. मला मात्र ही शालेय भौतिकशास्त्रातली सर्वांत धाडसी आकृती वाटते. ती एका मोठ्या वादातून जन्माला आली आणि पाठ्यपुस्तकात येताना तो वादच गळून पडला.

वाद होता मधल्या जागेचा. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम १६८७मध्ये आला. सूर्य पृथ्वीला ओढतो; मधल्या कोट्यवधी किलोमीटरांनी त्यात काय करायचं, हे नियम सांगत नाही. खुद्द न्यूटनला हे खटकत होतं. मध्ये काहीही नसताना एका वस्तूने दुसरीवर परिणाम करावा ही कल्पना त्याने बेंटली या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात साफ असंबद्ध ठरवली. पण ग्रह गणिताप्रमाणे चालत होते. पुढच्या पिढ्यांनी त्याचं गणित उचललं आणि शंका बाजूला ठेवली. १७८५मध्ये कूलोमने विद्युतप्रभारांमधलं बल मोजलं, तर तिथेही तोच हिशेब निघाला: अंतर दुप्पट केलं की बल चौथाई. बल दोन वस्तूंना जोडणाऱ्या सरळ रेषेतच लागतं, हे मग सगळ्यांनी धरूनच चाललं.

त्याला पहिला तडा गेला १८२०मध्ये, कोपनहेगनला. ओरस्टेडने धारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची ठेवली. सूची तारेकडे ओढली गेली नाही, दूरही ढकलली गेली नाही; ती तारेला आडवी होऊ लागली. तीच सूची तारेखालून काढून वर धरली, तर उलट बाजूला वळली. बल तारेभोवती फिरत होतं. अँपिअरने थोड्याच अवधीत याचं देखणं गणित मांडलं, पण सरळ रेषेतल्या ओढीच्या जुन्याच चौकटीत.

मायकेल फॅरेडेला ते गणित वाचता येत नव्हतं. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला होता. चरित्रांत ही त्याची उणीव म्हणून येते. मला वाटतं, याच उणिवेने त्याला वाचवलं. समीकरणांचा आधार नसल्यामुळे त्याला दिसणाऱ्या गोष्टीवरच विश्वास ठेवावा लागला.

आणि काय दिसतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोहकीस भुरभुरवला, तर तो आधी कसाही पडून राहतो. कागदाला टिचकी मारली की कण किंचित उडतात, कागदाची पकड सुटते. प्रत्येक कण आता स्वतःच एक बारीकसा चुंबक झालेला असतो. तो वळतो, शेजारच्या कणाच्या टोकाला टोक भिडवतो आणि बघता बघता कमानी उभ्या राहतात. चुंबकापासून दोन बोटं लांब असलेल्या कणाला कुठे वळायचं हे कळतं कसं? तिथली जागा खरोखरच रिकामी आहे का? आकृती फळ्यावर काढण्याआधी हा प्रश्न वर्गात विचारायला हवा. मुलांना तो पडतोच. त्यासाठी आपण थांबत नाही.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडेने एका लोखंडी कड्यावर तारेची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडायचं, दुसऱ्याची तार सूचीवरून न्यायची. बॅटरी जोडली त्या क्षणी सूची हलली आणि परत जागेवर आली. धारा वाहत असताना ती ढिम्म. बॅटरी तोडली, तशी पुन्हा हलली, या वेळी उलट बाजूला. परिणाम होता तो फक्त बदलाचा. तार बलरेषा कापते किंवा बलरेषा तारेवरून सरकतात, तेव्हाच वीज निर्माण होते, असं तो पुढे मांडू लागला. किती रेषा कापल्या यावर किती वीज हे ठरत असेल, तर त्या रेषांना नुसती आकृती कसं म्हणायचं?

गणितज्ञांना हे रुचलं नाही. इतकं चोख गणित हाताशी असताना कुणी बलरेषांसारख्या मोघम गोष्टीकडे वळेल, हे ब्रिटनचा शाही खगोलशास्त्रज्ञ एअरी याला कल्पनेतही बसेना. वळला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याने बलरेषांनाच गणिताची भाषा दिली. त्याचा निबंध वाचून, एवढं गणित पाहून आपण आधी घाबरलोच होतो, असं वृद्ध फॅरेडेने त्याला मोकळेपणी कळवलं. त्या गणितातून पुढे निघालं की बलरेषांनी व्यापलेल्या जागेतली, म्हणजे क्षेत्रातली, हालचाल सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने पसरते. हा तर प्रकाशाचा वेग! म्हणजे इथला चुंबक हलला की तिथल्या सूचीला ते लगेच कळत नाही. बातमीला मधली जागा ओलांडावी लागते. हर्ट्झने १८८८पर्यंत अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. फॅरेडे १८६७मध्येच गेला होता.

गुरुत्वाकर्षणापर्यंत हा विचार पोहोचायला १९१५ साल उजाडलं. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात सूर्य पृथ्वीला लांबून ओढत नाही; त्याच्याभोवतीचा अवकाश-काळच वाकलेला असतो आणि त्यातले बदल प्रकाशाच्या वेगानेच पसरतात. असा बदल अमेरिकेतल्या लायगो यंत्रणेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा थेट टिपला. तशीच यंत्रणा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारली जाणार आहे: काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. त्यांच्या लांबीतला जो फरक तिथे मोजायचा आहे, तो प्रोटॉनच्या व्यासाहूनही शेकडो पटींनी लहान असेल.