कडेची करडई

मुरूमच्या शिवारात एक म्हातारा शेतकरी दर रब्बीला ज्वारी पेरायचा आणि कडेने करडईचे तास धरायचा. करडई काटेरी, तिच्यात तोंड घालायला जनावर धजत नाही. आतली ज्वारी सुखरूप राहायची आणि घाण्यावरून घरचं तेलही यायचं.

म्हाताऱ्याचे गुडघे थकले, तसा कारभार मुलाकडे आला. मुलगा कष्टाळू, पण मोबाइलवर ऐकलेलं सगळं खरं मानणारा. तेल-तूप म्हणजे विष, असं त्याने ऐकलं आणि दोन्ही घरातून बंद केली. फोडणी गेली, वाढत्या वयाच्या लेकीच्या भाकरीवरचं तूपही गेलं. "तेलच खायचं नाही, तर करडई कशाला?" म्हणत त्याने बांधापर्यंत ज्वारी पेरली.

"कडेचं पीक काय राखतं, ते तरी बघ," म्हातारा म्हणाला. मुलाने ऐकलं नाही. ज्वारी पोटऱ्यात आली आणि एका रात्री मोकाट जनावरं आत शिरली. सकाळी निम्मं रान तुडवलेलं होतं.

संक्रांतीला लातूरला जीवरसायनशास्त्र शिकणारी भाची आली. तिने दिलेला तिळाचा लाडू त्याने लेकीच्या हातातून काढून घेतला. "तिळात तेल असतं," तो म्हणाला.

"असतंच, मामा. म्हणून तर द्यायचा," भाची म्हणाली. "पिठाच्या एका ग्रॅममधून चार कॅलरी मिळतात, तेलाच्या ग्रॅममधून नऊ. ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडल्या की असं साठवणीचं तेल होतं. पण तिसऱ्या साखळीच्या जागी फॉस्फेटचा गट बसला, की फॉस्फोलिपिड बनतं. त्याच्या डोक्याला पाणी हवं असतं, शेपट्यांना नको असतं. म्हणून हे रेणू पाण्यात आपोआप दोन थर धरतात. डोकी पाण्याकडे, शेपट्या आत. प्रत्येक पेशीभोवती हेच पटल असतं. जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाएवढी, पण आत काय यावं आणि बाहेर काय जावं, हे तिथेच ठरतं."

"म्हणजे पेशीच्या कडेची करडईच की!" म्हातारा म्हणाला.

मुलगा विचारात पडला. "पण शरीर ते स्वतः बनवत नाही का?"

"पुष्कळसं बनवतं. लिनोलेइक आम्ल मात्र बनवता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावं लागतं. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ मध्ये उंदरांना स्निग्धांशाविना वाढवून पाहिलं. त्यांची वाढ खुंटली, कातडीला खवले धरले. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं, की लिनोलेइक आम्ल दिल्यावर उंदीर सुधारतात. आपल्या करडईच्या तेलात हेच आम्ल सुमारे पाऊण हिस्सा असतं. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्धांशाशिवाय नीट अंगी लागत नाहीत."

"मग तेलाने हृदयरोग होतो म्हणतात, ते खोटं?"

"अति खाल्लं, तेच तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरलं, तर अपाय होतोच. म्हणून बेतानं खावं. पण वाढत्या पोरीच्या ताटातून ते पुसून टाकू नये."

त्याने लाडू लेकीच्या हातात परत दिला. पुढच्या रब्बीला पेरणीआधी तो बापाजवळ बसला आणि करडईचे किती तास धरायचे, ते त्याने विचारून घेतलं.

तात्पर्य : एखाद्याचे दोष ऐकून त्याला घालवण्याआधी, तो काय राखतो आहे, ते नीट जाणून घ्यावं.