पाच किलोंच्या पिशवीचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी भात झोडून झालं आणि मी घरचा इंद्रायणी तांदूळ ऑनलाइन विकायचं ठरवलं. सगळ्यात आधी काय केलं असेल, तर गूगल शीट उघडली. इंजिनिअर माणूस चिखलात उतरायच्या आधी शीटमध्ये उतरतो.

आमचं गाव कामशेतवरून आत, नाणे मावळात. इंद्रायणी हे वाण इथलंच. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेलं, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. म्हणजे वास आजीच्या भाताचा आणि उतारा नव्या काळाचा. पुण्या-मुंबईत या तांदळाला गिऱ्हाईक आहे, हे वीकेंडला लोणावळ्याला येणाऱ्या गाड्यांच्या डिक्कीत चिक्कीशेजारी काय असतं ते बघितलं की कळतं.

पाच किलोंची पिशवी, किंमत ६०० रुपये, डिलिव्हरी फ्री. बियाणं, खत, पॉवर टिलर, लावणीची मजुरी, गिरणी असं सगळं मिळून पिशवीमागे १५०. पिशवी आणि खोका २५. कुरिअर १९०. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १४. परत आलेल्या, फाटलेल्या पिशव्या आणि डोमेनचा वाटा म्हणून २१. एकूण ४००. उरले २००.

तांदूळ हा ऑनलाइन विकायला तसा वाईट माल. जड आणि स्वस्त. कानातले विकले असते तर कुरिअरने एवढं खाल्लं नसतं. आणि ‘फ्री’ डिलिव्हरी किती फ्री असते ते वर दिसतंच आहे. पण तरी शेवटच्या ओळीत हिरव्या रंगात २०० दिसत होते आणि मी खूश होतो.

मग एका ताईंचा मेसेज आला. ठाण्याच्या. ‘तांदूळ मस्त, एकही खडा नाही!’ मी तो लगेच वेबसाइटवर टाकला. तिथे आधीपासून मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतंच : हाताने निवडलेला.

कोणाच्या हाताने?

आमच्या गिरणीतून तांदूळ येतो तो कणी, कोंडा आणि खड्यांसकट. आई तो पाखडते, निवडते, पिशवीत भरते. पाच किलोंना साधारण तास जातो. मी जाहिरातीत तो तास विकत होतो. शीटमध्ये त्याचा रकानाच नव्हता. चूक सुधारणं सोपं होतं, एक ओळ वाढवायची. लावणीला बाईमाणसाला तेव्हा दिवसाचे ४०० मिळत होते, आठ तास धरले तर तासाला ५०. टाकले. मग वाटलं, माझाही वेळ धरायला हवा. धंद्याचा सल्ला देणारा प्रत्येक जण तेच सांगतो, स्वतःचा वेळ फुकट धरू नका. ऑर्डर, मेसेज, खोक्यावरचा पत्ता, कुरिअरवाल्याच्या मिनत्या, पिशवीमागे अर्धा तास. मी ऑफिसच्या पगारातून दर काढला. तासाला ५००. अर्ध्याचे २५०.

एंटर दाबलं. २०० चे उणे १०० झाले.

मला तोटा पाहून धक्का बसला नाही. एकाखाली एक दोन ओळी होत्या, ५० आणि ५००, त्या बघून बसला. दोन्ही मीच लिहिल्या होत्या, एका मिनिटाच्या आत, आणि लिहिताना काहीच खटकलं नव्हतं. दोघांना ५० धरले तर पिशवीमागे १२५ उरतात. दोघांना ५०० धरले तर ५५० चा तोटा. तांदूळ तोच, खोका तोच. धंदा चालतो की बुडतो हे आईच्या तासाला मी काय मानतो यावर ठरत होतं.

यावर अर्थशास्त्राचं उत्तर तयार आहे : त्या तासात तिने दुसरं काय कमावलं असतं, तेवढी त्याची किंमत. हे उत्तर मला शिकवलं गेलंय आणि ते चुकीचं नाही. पण तिला दुसरीकडे ५० च मिळतात ते का? तिची शाळा सातवीत सुटली, माझी सुटू नये म्हणून तिने जे केलं त्याची ओळही कुठल्या शीटमध्ये नाही. आधी झालेला अन्याय बाजारभाव म्हणून खाली उतरवून घ्यायचा आणि त्याला वस्तुनिष्ठ म्हणायचं, हे मला पटत नाही. उलट तिला ५०० धरले तर तो माझ्या मनाच्या समाधानासाठी केलेला देखावा. तेवढे मी देणार कुठून?

गंमत म्हणजे सरकारच्या शीटमध्ये हा रकाना आहे. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा आधी खिशातून गेलेला खर्च मांडतो, त्याला ए-टू म्हणतात. मग त्यात घरच्यांच्या बिनपगारी कष्टाची किंमत मिळवतो. त्यापुढे सी-टूमध्ये स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही येतं. हमीभाव यातल्या कुठल्या आकड्याच्या दीडपट हवा, यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. मी मोबाइलवर त्या बातम्या वाचायचो, शेतकऱ्यांच्या बाजूने तावातावाने पोस्टही करायचो. घरच्या शीटमध्ये मात्र ए-टूवर थांबलो होतो. (सी-टूचं नाव मावळात न काढलेलंच बरं. फार्महाउस आणि तंबूवाल्यांच्या भावाने जमिनीचं भाडं धरलं तर भात लावणं हा शुद्ध वेडेपणा ठरेल.)

दुसरी गोष्ट पिशवीवरच्या लेबलची. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. मी माझं नाव छापलं होतं. त्याच सुमारास ऑफिसमधल्या मित्रांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांत गेलो होतो. तिथल्या खांबांवर कोणी कुठला खांब दान दिला त्याची नावं कोरलेली आहेत, एका परीने दगडातली खर्चाची वहीच. बहुतेक नावं पैसे देणाऱ्यांची. पण दाराजवळच्या एका लेखात सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, धेनुकाकट गावच्या. दार त्याने केलं म्हणून. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी हे लिहावंसं वाटलं, आणि माझं लेबल छापून फक्त चार महिने झाले होते.

घरी येऊन आईला सांगितलं की पिशवीमागे ५० तुझ्या खात्यात टाकतो आणि लेबलवर तुझं नाव घालतो. ती तांदूळ निवडतच होती. म्हणाली, “नाव नको घालू, लोकांचे फोन येतील.” पैशांचं म्हणाली, “टाक.” मी उगाच समजत होतो की ती नको म्हणेल.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “किती पिशव्या गेल्या रे आतापर्यंत?”

“एकशे चव्वेचाळीस.”

“म्हणजे अठरा दिवस.” आठाने भागायला तिला शीट लागली नाही. “त्याचे मागचे पैसे नको. सावडीत धर.”

सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. आमच्याकडे लावणी अजूनही थोडीफार अशी होते. कोण कोणाकडे किती दिवस राबलं हे कुठे लिहिलेलं नसतं, पण चुकलेलं मी कधी ऐकलं नाही. दिवसाला दिवस फिटतो, माणसाचा पगार कोणी विचारत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. घरातल्या घरात ते लागू होतं हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्या जुलैत तीन दिवस रजा काढून लावणीला गेलो. पहिल्या दिवशी दुपारीच कंबर धरली. माझी ओळ वाकडी आली म्हणून शेजारच्या काकू हसल्या, आणि आईने ती मुकाट्याने उपटून पुन्हा लावली. तो दिवस तिने अर्धाच धरला.

शीटमध्ये आता ५० ची ओळ आहे. माझ्या तासालाही ५० लावलेत, ते योग्य आहे की नाही यावर माझं मत दर महिन्याला बदलतं. आईच्या हिशोबाने माझ्याकडे अजून साडेपंधरा दिवस निघतात. येत्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं रिलीज आहे, आणि रोपं त्याच आठवड्यात लावणीला येतील असं ती काल फोनवर म्हणाली.